काका, किती पाणी प्यालात?

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे, डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या काम करत नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनदा मशीनने त्यांचं रक्त साफ करावं लागतं आणि साठलेलं पाणी काढावं लागतं. त्या दिवशी त्यांना घेऊन डायलिसिस सेंटरला गेले होते, आधीच्या बॅचचे पेशंट अजून मशीनवरच होते, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दाराजवळ वजनकाटा आहे, आत जायच्या आधी प्रत्येकाला त्यावर उभं राहावं लागतं. आमच्या पुढे एक काका होते, गावाकडचे, पांढरा पायजमा, टोपी, पायावर एवढी सूज की चपलेचे पट्टे रुतलेले. काट्यावर उभे राहिले आणि आतून आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा, "काका, किती पाणी प्यालात? पाच किलो वाढवून आलात! जगायचंय का नाही?" काका खाली बघत राहिले. म्हणाले, "घोट-घोटच पितोय की." त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, ती एकदम पुढे आली आणि म्हणाली, "लेकरा, लेकाची शप्पत घेऊन सांगते, मीच मोजून देते त्यांना. दिसाला तीन पेले. वर थेंब न्हाई." कोणीच विश्वास ठेवला नाही. आत कोणीतरी हसलंसुद्धा. मग काकांना मशीनला लावलं आणि त्या आजी आमच्या शेजारी येऊन बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नंतर पिशवीतून फडकं काढलं आणि मला म्हणाल्या, "ये बाय, दोन घास खा." ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कैरीचं लोणचं, तळलेली सांडगी मिरची. "ह्येंनाबी सकाळी हेच दिलं," म्हणाल्या, "आळणी चालत न्हाई त्यांना."

वजन खोटं बोलत नाही हे मलाही माहितीये. पाच किलो वाढले म्हणजे पाच लिटर पाणी शरीरात साठलंय, काका पाणी पित असणारच, रात्री उठून पित असतील, शेजाऱ्याकडे पित असतील. पण त्या दिवशी त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, आणि तोही रागावून. खाल्लं काय, हे कोणी विचारलंच नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. लातूर-पुणे रातराणी कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती. त्यांच्या केबिनमध्ये खिडकीच्या बाहेरच्या बाजूला छागळ लटकवलेली असायची, जाड्या खाकी कापडाची, आणि वाऱ्याने त्यातलं पाणी असं गार व्हायचं की फ्रिजची गरज नाही. लहानपणी सुट्टीत त्यांच्या गाडीतून गेले की मला त्या छागळीतलं पाणी प्यायचं असायचं, त्याला ओल्या कापडाचा आणि थोडा धुळीचा वास यायचा, आणि अण्णा ती वर धरून, तोंड न लावता, घटाघटा अर्धी रिकामी करायचे, गळ्याची घाटी वर-खाली होताना दिसायची. उन्हाळ्यात घरी आले की आधी तांब्याभर पाणी, मग चपला काढणं. आमच्याकडे पाण्याची टंचाई काही नवीन नाही, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते तर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, पण त्या उन्हाळ्यातसुद्धा आमच्या दारात आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही असं कधी झालं नाही. कुरिअरवाला असो, मीटर वाचणारा असो, आधी पाणी. आईचा नियमच होता तो.

त्याच आईला डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांना आता दिवसाला सातशे मिली, बास. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं, सगळं. हा आकडा कसा काढतात तेही त्यांनी सांगितलं, चोवीस तासांत लघवी जेवढी होते ती मोजायची आणि त्यात साधारण पाचशे मिली मिळवायचे, कारण घाम आणि श्वासातून तेवढं जातंच. अण्णांची लघवी तेव्हा दोनशेच्या आसपास उरली होती. ज्यांची बंदच झालीये त्यांना अजून कमी मिळतं, ज्यांची चांगली होते त्यांना जास्त, म्हणून दुसऱ्याचा आकडा आपण घ्यायचा नसतो. हे सगळं आई मान हलवत ऐकत होती पण मला तिचा चेहरा दिसत होता. घरी आल्यावर तिने फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या काढून ठेवल्या.

मग सुरू झाला पहारा. एका प्लॅस्टिकच्या बाटलीवर मार्करने खुणा केल्या, सकाळी सातशेपर्यंत भरायची, आणि अण्णांनी काहीही पातळ घेतलं की तेवढं पाणी त्या बाटलीतून काढून झाडांना घालायचं. अर्धा कप चहा झाला, ऐंशी गेले. वाटीभर वरण, अजून गेले. दुपारी तीनपर्यंत बाटली तळाला आलेली असायची आणि पुढे अख्खी संध्याकाळ पडलेली असायची. अण्णा दहा वेळा गुळण्या करायला बाथरूममध्ये जायचे आणि आई बाहेर उभी राहून कान देऊन ऐकायची की गुळणी थुंकल्याचा आवाज आला का. आयुष्यभर ज्या नवऱ्याच्या हातात तिने तांब्या दिला त्याच्या हातातून ती आता फुलपात्र काढून घ्यायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. अण्णा तिच्याशी बोलायचे नाहीत. मला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, मी चोर नाही." पन्नास-साठ लोकांचा जीव हातात घेऊन रात्रभर गाडी चालवलेला माणूस. मला ते वाक्य अजून टोचतं.

पण आईची भीतीही खोटी नव्हती.

एका रविवारी रात्री अण्णांना आडवंच होता येईना. उशा लावल्या, तीन लावल्या, चार लावल्या, तरी झोपले की दम. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून ते श्वास ओढत होते आणि छातीतून बारीक बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. फुप्फुसात पाणी. रात्रीच इमर्जन्सीमध्ये नेऊन मशीनला लावलं, पाणी निघत गेलं तसतसा श्वास मोकळा झाला, पण तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला कोणी 'एवढं काय करता एका ग्लासासाठी' म्हणून सांगू नये. आणि तो रविवार होता हेही तसं योगायोगाचं नव्हतं. अण्णांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं, म्हणजे शनिवारनंतर थेट मंगळवार, मोठा गॅप. अमेरिकेत २०११ साली खूप मोठ्या संख्येने पेशंटचा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की ह्या मोठ्या गॅपच्या शेवटीच हृदयाचे त्रास आणि मृत्यू जास्त होतात. अण्णांचा गॅप तेव्हा निम्माच झाला होता, पण आपल्याकडे रविवार म्हणजे पाहुणे, मटण, रस्सा. आमच्याकडे त्या दिवशी माझे चुलते आले होते, आणि रस्सा झणझणीत झाला होता.

'मग मशीनवर काढून टाका ना जास्तीचं पाणी' असं नातेवाईक सहज म्हणतात. मीही आधी तसंच समजायचे. पण मशीन पाणी काढतं ते रक्तातून, आणि साठलेलं बहुतेक पाणी असतं रक्ताच्या बाहेर, पायात, पोटात, पेशींच्या मधल्या जागेत. ते हळूहळू रक्तात उतरतं तेव्हा मशीनला मिळतं. विहिरीवर मोठी मोटर लावून उपसा केला आणि झऱ्यांना तेवढा वेग नसला की विहीर कोरडी पडते ना, तसंच. म्हणजे पायावर सूज तशीच आणि बीपी मात्र ऐंशीवर, डोळ्यांपुढे अंधारी, उलटी, आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात की धडधाकट माणूस ओरडतो. डॉक्टरांच्या हिशोबाने तासाला दर किलो वजनामागे १३ मिलीच्या वर काढू नये, त्यापुढे हृदयावर ताण पडत जातो. अण्णांचं ड्राय वेट ५८, म्हणजे जास्तीचं सगळं पाणी काढून झाल्यावर जे वजन असायला हवं ते. त्यांना तासाला साडेसातशे, चार तासांत तीन लिटर, ही शेवटची हद्द. खरं तर दोन-सव्वादोन किलोच वाढवून यावं, जे साधारण वजनाच्या चार टक्के होतं. आता ते पाच किलोवाले काका आठवा. त्यांचं ड्राय वेट अण्णांपेक्षा जास्त नसणार, शरीरयष्टी तशीच होती. त्या दिवशी दुसऱ्या तासालाच आतून त्यांचा ओरडल्याचा आवाज आला आणि आजी हातातली भाकरी तशीच ठेवून उठल्या.

आमच्या घरातलं चित्र बदललं ते एका डॉक्टरीणबाईंमुळे. आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते म्हणून त्या राउंडला आल्या होत्या, तरुण होत्या, बोलायला वेळ देणाऱ्या. आईने नेहमीप्रमाणे तक्रार सुरू केली की हे ऐकत नाहीत, चोरून पाणी पितात. बाईंनी शेजारच्या स्टँडला लटकलेली सलाईनची बाटली दाखवली. म्हणाल्या, "मावशी, ह्यात काय आहे माहितीये? मीठ आणि पाणी. लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आपल्या अंगातलं पाणी साधारण एवढंच खारट असतं आणि शरीर काही झालं तरी ते तेवढंच ठेवतं. म्हणून नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की त्याच्या जोडीला एक लिटर पाणी शरीर मागणारच. तुमची-माझी किडनी जास्तीचं मीठ लघवीतून फेकून देते. काकांची फेकू शकत नाही. मग मेंदू त्यांना तहान लावतो. ती तहान त्यांनी मुद्दाम लावून घेतलेली नाही, ती त्यांना मारूनही मारता येणार नाही. तुम्ही त्यांचं पाणी नका मोजू असं मी म्हणत नाही, पण आधी मीठ मोजा." आणि मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमची चूक नाहीये हो." अण्णांनी मान दुसरीकडे केली. मला माहितीये का केली ते.

मी घरी आल्यावर बघायला लागले की आमच्या घरात मीठ येतं कुठून. मिठाच्या बरणीतून येतं ते तर येतंच, एक सपाट चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना तर निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. पण खरी गंमत बरणीच्या बाहेर. लोणचं, पापड आणि त्यातला पापडखार, कुरडया, सांडगे, खारे दाणे, शेव-फरसाण, चहाबरोबरची बिस्किटं, पाव, ढोकळ्या-भज्यातला सोडा. सोडासुद्धा सोडियमच, हे आईला पटायला वेळ लागला कारण तो खारट लागत नाही ना. कोणीतरी सांगितलं सैंधव वापरा, ते नैसर्गिक असतं, पण सैंधवसुद्धा शेवटी मीठच आहे, सोडियम क्लोराइड. आणि एका भल्या माणसाने तर दुकानातून लो सोडियम मीठ आणून दिलं, ते मी लगेच बाजूला ठेवलं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि किडनी गेलेल्या माणसाचं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. हे इथे मुद्दाम लिहितेय, कोणाच्या घरी असा पेशंट असेल तर प्लीज लक्षात ठेवा. नारळपाण्याचंही तेच. भेटायला येणारे सगळे शहाळं घेऊन येतात, प्रेमानेच आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

आईने मग ठरवलं की अण्णांसाठी वेगळी आळणी भाजी करायची नाही, सगळ्यांचीच तशी करायची. हे मला तिचं फार मोठं वाटतं. कारण एका ताटात वेगळं वाढलं की तो माणूस आजारी म्हणून वेगळा पडतो. पहिले काही आठवडे वाईट गेले, खोटं कशाला सांगू, जेवण म्हणजे ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागायचं, भाऊ पुण्याहून आला तर गुपचूप बाहेर जाऊन वडापाव खाऊन आला. पण हळूहळू जीभ बदलते. आईने लसूण वाढवला, जिरं भाजून कुटून घालायला लागली, लिंबू पिळायला लागली, मेथीच्या भाजीला नुसती लसणाची फोडणी आणि वर दाण्याचं थोडं कूट. भाज्यांतलं पोटॅशियमही बघावं लागतं, त्यामुळे ती आधी उकडून पाणी टाकून देते आणि मग परतते. आणि भाकरीचं सोनं झालं, कारण आमच्याकडे भाकरीच्या पिठात मुळातच मीठ नसतं. अण्णा म्हणाले, "ज्वारीला गोडी असते हे मी विसरलोच होतो." आता चुकून बाहेरचं काही खाल्लं तर मलाच ते खारट लागतं.

तहान गेली का? नाही गेली. कमी झाली. ती कमी झाली म्हणूनच सातशे मिलीत दिवस निघायला लागला, आधी तो निघूच शकत नव्हता. शिवाय अण्णांना डायबेटिस आहे, शुगर चढली की तहान चढते, हे लक्षात आल्यावर इन्सुलिनच्या वेळा नीट पाळायला लागलो. आणि काही वेळा ती तहान नसतेच, नुसतं तोंड कोरडं पडलेलं असतं, विशेषतः रात्री तोंड उघडं ठेवून झोपल्यावर. त्याला लवंग चालते, लिंबाची फोड जिभेवर फिरवली तर लाळ सुटते, बर्फाचा एक तुकडा घोटभर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पुरतो, फक्त तो वितळल्यावर पाणीच होतो हे धरून तो सातशेतच मोजायचा. गोळ्या त्यांनी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायला सुरुवात केली, त्यातून वाचलेलं पाणी रात्रीसाठी ठेवतात. आणि बाटली आता त्यांच्याच ताब्यात आहे. आई विचारत नाही. हा बदल मिठाच्या बदलाएवढाच मोठा होता असं मला वाटतं, कारण तेव्हापासून ते दोघं परत बोलायला लागले, संध्याकाळी गॅलरीत बसून डेपोतल्या जुन्या लोकांच्या गोष्टी चालतात.

अण्णांनी डायलिसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाश नारायणांच्या बातमीत, आणीबाणीत तुरुंगात असताना त्यांच्या किडन्या गेल्या, मग मुंबईला जसलोकमध्ये उपचार, पुढे १९७९ मध्ये जाईपर्यंत ते डायलिसिसवरच होते. अण्णा तेव्हा विशीत होते. म्हणतात, त्या वेळी वाटायचं हे फक्त मोठ्या माणसांना मिळतं. आता महात्मा फुले योजनेत आमच्या शेजारच्या बेडवरच्या शेतमजुराचंही डायलिसिस होतं, त्याचा एक पैसा लागत नाही, आणि ही खरंच किती मोठी गोष्ट आहे. मशीन मिळालं. पण मशीनच्या बाहेरचे जे साडेसहा दिवस, आठवड्याचे १६८ तास वजा ते १२ तास, तिथे माणूस आणि त्याचं घर एकटंच असतं. एका कर्मचाऱ्याकडे इतके पेशंट असतात की बसून स्वयंपाकघराबद्दल बोलायला त्यांना वेळ कुठून मिळणार, मला कळतं ते. तरी ओरडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात 'लोणचं खाता का' हे विचारून होतं.

मशीनच्या मागे एक पाइप येतो, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटमधून. एकदा टेक्निशियनने सांगितलं की मिनिटाला अर्धा लिटर द्रव फिल्टरमधून फिरतो, म्हणजे चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर, शिवाय आरओचं वाया जातं ते वेगळं. अण्णा ऐकत होते. आमच्या लातूरमध्ये १२० लिटर म्हणजे काय हे ज्याने टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात त्यालाच कळेल. ते पाणी त्यांच्या रक्ताला धुऊन गटारात जातं आणि त्यांना एक ग्लास पिता येत नाही. ते काही वेळ गप्प होते. मग त्यांनी सिस्टरना विचारलं, "आज किती काढायचं सेट केलंय? त्यात माझा एक ग्लास धरता येईल का?" बीपी चांगलं होतं, डॉक्टर हो म्हणाले. तेव्हापासून बीपी बरं असेल त्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने अण्णा एक पूर्ण ग्लास पाणी पितात, दोनशे मिली, ते तिथल्या तिथे हिशोबात धरून काढलं जातं. घरून नेतो, माठातलं. सुया टोचलेला हात अजिबात न हलवता दुसऱ्या हाताने ग्लास वर धरतात, ओठ न लावता. सगळं पाणी एका दमात जातं.

त्या आजींशी मी त्या दिवशी बोलले. ठेच्याबद्दल, सांडगी मिरचीबद्दल, सलाईनच्या बाटलीबद्दल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पर बाय, मीठच बंद केलं तर अंगात ताकद कशानं ऱ्हाईल?" बरोबरच आहे त्यांचं, उन्हात राबणाऱ्या माणसाला कांदा-मीठ-भाकरी देऊनच त्यांनी आयुष्य काढलं, घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. काका आता घाम गाळत नाहीत, हे मी कसं सांगणार होते. एवढंच म्हणाले की लोणचं आणि सांडगी मिरची तेवढी पंधरा दिवस बंद करून बघा, आणि पाण्याचं त्यांना काही बोलू नका. पुढच्या वेळी काका काट्यावर उभे राहिले तेव्हा साडेतीन किलो वाढ होती. साडेतीन म्हणजे अजूनही जास्तच. ओरडणारा आवाज त्या दिवशीही आला. आजी मात्र माझ्याकडे बघून बोटांनी साडेतीन दाखवत होत्या.

आता मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न आहे उदगीरला, नेमकं रविवारी, मोठ्या गॅपमध्ये, चाळीस डिग्रीत. अण्णांना जायचंच आहे. शनिवारचं डायलिसिस सकाळच्या बॅचला मिळतंय का बघतोय, जमलं तर डॉक्टरांना विचारून सोमवारी एक जादाचं करून घेऊ. आईने आत्ताच काकूंना फोन लावला होता की ह्यांच्या पानात लोणचं-पापड वाढू नका, मठ्ठा नको, आणि मांडवात कोणी पाण्याचा आग्रह करू नका. काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही म्हणजे काय?" मग आईने त्यांना सलाईनच्या बाटलीपासून सगळं समजावून सांगायला घेतलं, लिटरला नऊ ग्रॅम वगैरे. अर्धा तास झाला, अजून चालूच आहे.